मारवाडातली ज्वारी

डिपोटीसाहेबांच्या शाळातपासणीला तीन आठवडे उरले असताना राजपुतान्याच्या वाळवंटात ज्वारी उगवली.

नवलसिंग मास्तर ओणवे होऊन त्या कोवळ्या कोंबांकडे पाहत राहिले. महिनाभर खपून शाळेच्या आवारात त्यांनी हिंदुस्थान उभारला होता. चोवीस हात लांब, काळ्या मातीचा. हिमालयावर कापसाचे बर्फ, मारवाडात तापीची वाळू. देशाचे हवामान आणि भूरचना प्रत्यक्ष दाखवून शिकवावी, असे साहेबांचे पत्र आले होते. सहा वर्षे मास्तर हंगामी होते. साहेबांचा शेरा चांगला पडला तरच ते कायम व्हायचे, नाहीतर जूनपासून घरी बसायचे. धुळ्यापलीकडचे जग त्यांनी पाहिलेले नव्हते. समुद्र, हिम, अरण्य ही त्यांच्या एकाकी संध्याकाळची दूरस्थ नावे होती, आणि ती आपल्या बोटांनी मातीत उतरवताना त्यांना वाटले होते की आयुष्यात एकदा तरी आपण प्रवासाला निघालो.

दाण्यांचे कोडे लवकर सुटले. वाळू हिंमतराव आप्पांच्या गाडीतून आली होती आणि त्याच गाडीने आदल्या दिवशी ज्वारी वाहिली होती. पण पाणी? फाल्गुन तापत होता, आभाळ घासलेल्या पितळेसारखे कोरडे होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तर निंबाच्या आड उभे राहिले.

देवदर्शन आटोपून छगनलाल शेठजींच्या आई, मोहनबाई, आल्या. डोक्यावरचा पदर सावरून त्यांनी फडक्याने गाळलेले लोटाभर पाणी हलक्या हाताने वाळवंटात सोडले.

"मोहनबाई, काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

"मारवाडले पानी देई ऱ्हायनू. मन्हं माहेर शे ना ते."

"अहो, वाळवंट शे ते! कोरडंच पाहिजे!"

"कोरडंच पाहिजे?" बाईंनी रिकामा लोटा कमरेवर टेकवला. "छपन्याना दुष्काळमा मन्हा दोन भाऊ पानी पानी करत गयात. तव्हय तू व्हता का तठे, कोरडंच पाहिजे म्हनाले?"

जे दुःख चाळीस वर्षांत सुकले नव्हते त्याला भूगोलाचे पुस्तक काय उत्तर देणार? मास्तर वाकले आणि एक कोंब उपटू लागले.

"थांब! हिरवा जीव उपटस? पाप कोनले लागी, तुले का माले?"

एवढे बोलून बाई वाळवंटाच्या मधोमध मांडी घालून बसल्या. त्या दिवसापासून शाळेची घंटा होईपर्यंत त्या तिथेच माळ ओढू लागल्या. ज्वारी वीतभर झाली.

मास्तरांनी रात्रंदिवस विचार केला आणि त्यांना एक निर्दोष तोड सापडली. वाळवंट कोरडे करता येत नसेल, तर उरलेला देश त्याच प्रमाणात ओला करावा. म्हणजे फरक कायम राहील. मारवाडला एक लोटा, तर आसामला चाळीस घागरी! वर्गाने रांग धरली, विहिरीचा रहाट करकरू लागला आणि आसामात चाळीस घागरी कोसळल्या. आवार पश्चिमेला उतरते होते. आसामचे पाणी बंगाल ओलांडून, मध्यप्रांतातून वाट काढत, शांतपणे खान्देशात येऊन साचले.

नेमके तेव्हा शाळा कमिटीचे अध्यक्ष हिंमतराव आप्पा तिथून चालले होते.

"मास्तर, आमनं गाव कोठे शे यामा?"

मास्तरांनी डबक्यात बोट बुडवून जागा दाखवली.

"बुडाडी दिधं? शेजारना लोणखेडा कोरडा, आन् आमनंच गाव पान्यामा?"

"आप्पा, नकाशा शे हो तो."

"तुन्हाकरता नकाशा व्हई! लोणखेडावाला हसतीन ना माले!"

आप्पांनी धोतर खोचले, कुदळ मागवली आणि पाण्याला वाट करून द्यायला तापी खणायला घेतली. काम त्यांच्या मनासारखे होते. तापी दोन हात रुंद झाली तरी त्यांचे समाधान होईना. शेजारची गंगा सुतळीसारखी दिसू लागली. निघालेली माती त्यांनी हाताशी होता त्या सातपुड्यावर टाकली. सातपुडा कमरेइतका उंच झाला. उलट हिमालयाचा पाया आसामच्या ओलीने मऊ पडत गेला आणि मंगळवारी दुपारी, पाढे चालू असताना, तो कापसासकट खाली बसला.

शुक्रवारी डिपोटीसाहेब आले. बराच वेळ ते कडेला उभे होते.

"हे काय आहे, मास्तर?"

"हिंदुस्थान, साहेब."

"हिमालय कुठे आहे?"

"मंगळवारपर्यंत तिथे होता, साहेब."

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि वर्गाला विचारले, "मुलांनो, या देशातला सर्वांत हिरवा प्रदेश कोणता?"

"मारवाड!" डोळ्यांसमोर जे होते तेच वर्गाने एका आवाजात सांगितले.

मास्तरांनी डोळे मिटले. साहेब पुढे सरकून गुडघाभर ज्वारीत शिरले, तोच मागून आवाज आला :

"ओ साहेब, मन्हा माहेरमा बूट घालीसन काय उभा ऱ्हायना? आंगे सरक!"

साहेबांनी खरोखरच पाय उचलला. वाकून त्यांनी ज्वारीचे एक ताट चाचपले, मग मारवाडची लांबीरुंदी पावलांनी मोजली आणि ते निंबाखाली जाऊन बसले. युद्ध चालू होते, धान्याचा तुटवडा होता. त्यांच्या छापील तक्त्यात यंदा नवा रकाना आला होता : शाळेच्या आवारातील धान्यलागवड. एकेचाळीस शाळांपुढे त्यांनी स्वतःच्या हाताने 'निरंक' लिहिले होते आणि त्यावर वरिष्ठांचे खरमरीत पत्रही आले होते. बेचाळिसाव्या शाळेपुढे त्यांचा टाक प्रथमच दोन ओळी धावला.

ज्येष्ठात हुकूम आला. नवलसिंग मास्तर कायम झाले होते. निव्वळ वाळूत, भर फाल्गुनात, ज्वारी पिकवल्याबद्दल त्यांची नेमणूक तालुक्याच्या शाळांवर शेतकी शिक्षक म्हणून करण्यात आली होती.

मास्तरांनी हुकूम चारदा वाचला. घरची जमीन आजोबांच्या काळीच गेली होती. त्यांनी जन्मात तिफण धरली नव्हती. भूगोलाचे पुस्तक मांडीवर मिटून ते ओट्यावर बसले, तेव्हा हिंमतराव आप्पा आले. चाळीस वर्षे शेती केलेल्या त्या माणसाने आज प्रथमच मास्तरांपुढे टोपी काढली.

"मास्तर, औंदा गढीखालना वावरमा कपाशी पेरू का ज्वारी?"

मास्तरांनी दूर सातपुड्यावरच्या निळ्या धुक्याकडे पाहिले. मग मांडीवरच्या भूगोलाकडे पाहिले.

आप्पांनी हळूहळू मान डोलावली.

"माले बी तेच वाटी ऱ्हायनं व्हतं," ते म्हणाले, आणि टोपी घालून शेताकडे निघाले.