कपाटं आली, किल्ल्या राहिल्या

"नवा सर्व्हर बसवा. सोमवारी एकही तक्रार नोंदली गेली नाही, तर मंगळवारपासून दहा दिवस तुमची रजा," साहेबांनी शुक्रवारी शब्द दिला.

ज्यांना दिला ते सर्व्हरभाऊ. लिफ्ट बसवणाऱ्या त्या कंपनीत ते एकोणीस वर्षं संगणक सांभाळत होते, आणि सहा वर्षांत त्यांना सलग दोन दिवस रजा मिळाली नव्हती. मुलीकडे तीन महिन्यांचा नातू होता. भाऊंनी त्याला अजून फोनवरच पाहिलं होतं, तेही निम्म्या वेळा झोपलेला. मंगळवारी साडेअकराच्या गाडीची तिकिटं काढून झाली होती. बायकोने बॅगा शनिवारीच भरल्या होत्या. नवऱ्यावर भरवसा होता म्हणून नव्हे, नातवाची ओढ होती म्हणून.

साहेबांच्या खुर्चीमागे त्यांचंच एक वाक्य चौकटीत लावलेलं होतं. 'जे नोंदीत नाही, ते घडलं नाही.' कुणी जिन्यावरून गडगडत खाली आलं, तरी साहेब आधी नोंद विचारत.

रविवारी भाऊंनी जुन्या सर्व्हरवरच्या दोन लाख फायली नव्यावर नेल्या. आता, प्रत्येक फायलीबरोबर तिच्या परवानग्या असतात. ती कुणाची, कुणी वाचायची, कुणी लिहायची. फाईल हलवताना 'हेही बरोबर घे' असं संगणकाला वेगळं सांगावं लागतं, नाहीतर तो कपाटं आणतो आणि किल्ल्या जुन्या घरीच ठेवतो. भाऊ हे इतरांना नेहमी बजावत. रविवारी स्वतःच विसरले, कारण तेव्हा बायकोचा फोन आला होता. बाळाला कुठल्या रंगाचं टोपडं शोभेल, असा प्रश्न होता.

तरी त्यांनी शंभर फायली उघडून पाहिल्या. शंभरच्या शंभर उघडल्या. उघडणारच! सर्व्हर सांभाळणाऱ्याला कुठलंच दार बंद नसतं. भाऊ खुशीत घरी गेले.

सोमवारी नऊला त्यांच्या टेबलाभोवती निम्मं ऑफिस उभं होतं.

"भाऊ, माझी ड्रॉइंग्ज उघडत नाहीत," ड्रॉइंगवाले काका म्हणाले. "म्हणतंय, तुम्हाला परवानगी नाही. बावीस वर्षं मी काढतोय ती!"

"माझ्या फायलीवर मालक म्हणून तुमचं नाव येतंय," आस्थापनेच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही कधी घेतलीत माझी जागा?"

भाऊंनी पाहिलं. हलवल्या त्यांनीच, म्हणून दोन लाख फायलींचे मालक ते एकटेच झाले होते.

"मी तक्रार नोंदवतो," विक्रीवाला म्हणाला आणि तावातावाने जाऊन दोन मिनिटांत परत आला. "तक्रारवहीही सर्व्हरवरच आहे, तीही उघडत नाही."

भाऊंना जरा धीर आला. पण अशी शांतता किती वेळ टिकणार? त्यांनी घाईघाईत सगळ्या फायली सगळ्यांना मोकळ्या करून टाकल्या. वाचा, लिहा, काय हवं ते करा, पण ओरडू नका.

सगळ्यांचं सगळं उघडलं. दहा वाजता साहेब आले, त्यांनी तक्रारवही पाहिली. शून्य. साहेब इतके खूश झाले की त्यांनी जागेवरच संगणकातली रजावही उघडून भाऊंची दहा दिवसांची रजा स्वतःच्या हाताने नोंदवली.

"नोंद झाली. आता घडलं समजा," ते म्हणाले.

भाऊंनी घरी फोन केला. "मिळाली!"

"कागद मिळाला का?" बायकोने विचारलं.

"अगं, खुद्द साहेबांनी लिहिलंय. कागद उद्या सकाळी घेतो."

दुपारी जेवण झाल्यावर लोकांच्या लक्षात येऊ लागलं, की सगळं उघडतं म्हणजे अक्षरशः सगळंच उघडतं. साहेबांचे वार्षिक शेरे आधी सापडले. भांडारवाल्याच्या नावापुढे 'सुस्त' होतं, त्याने तिथे 'संयमी' केलं. आस्थापनेच्या बाईंना 'फार बोलतात' हा शेरा मिळाला होता. त्यांनी तो खोडला आणि त्या जागी साहेबांविषयी चार ओळी लिहिल्या. मग ज्याला त्याला दुसऱ्याचा शेरा आपल्यापेक्षा बरा वाटू लागला, आणि तीनपर्यंत तक्रारवहीत त्रेचाळीस तक्रारी जमा झाल्या.

साडेतीनला ड्रॉइंगवाले काका ओरडत बाहेर आले. "माझ्या आठ माणसांच्या लिफ्टमध्ये दहा कुणी घातली?"

"गिऱ्हाइकाला दहाच हवी होती," विक्रीवाला म्हणाला. "नुसता आकडा तर बदलला!"

आता मात्र भाऊंचं धाबं दणाणलं. साहेब दौऱ्याच्या तयारीत होते म्हणून त्यांना पत्ता नव्हता. ते पाचला निघाले, आणि भाऊंनी जुना सर्व्हर जोडून सगळं नव्याने, होतं तसंच्या तसं, नव्यावर आणलं. या वेळी परवानग्यांसकट. लिफ्टमध्ये पुन्हा आठ माणसं आली. भांडारवाला पुन्हा सुस्त झाला. तक्रारवहीत शून्य. दिवसभरात जे घडलं त्याचा मागमूस राहिला नाही. भाऊंना स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की परतताना त्यांनी पिवळं टोपडं विकत घेतलं.

मंगळवारी नऊला ते आस्थापनेच्या बाईंसमोर उभे राहिले. "रजेचा कागद द्या लवकर."

बाईंनी रजावही उघडली. वरून खाली पाहिलं, मग खालून वर. "नोंद नाही."

"काल साहेबांनी माझ्यासमोर लिहिलं!"

"असेल. इथे शुक्रवारपर्यंतचंच आहे."

भाऊंनी स्वतः पडद्यावर वाकून पाहिलं. "मग तुम्ही लिहा ना."

"कालपर्यंत लिहिता येत होतं. आज नुसतं वाचता येतंय. लिहायची परवानगी फक्त साहेबांना," बाई म्हणाल्या. "तुम्हीच छान दुरुस्त केलंत की! तुम्हाला सगळं उघडतं, तुम्हीच लिहा."

"लिहिणाऱ्याचं नाव उमटतं तिथे. स्वतःची रजा स्वतःच दिली असं दिसेल. साहेबांना फोन लावा."

"सकाळच्या विमानात बसलेत. दुपारी दोनला उतरतील."

गाडी साडेअकराची होती. विनाकागद गेलं तर ती रजा नव्हे, गैरहजेरी. भाऊंनी घरी फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं. पलीकडून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"मी निघतेय," बायको म्हणाली. "परवानगी मागत नाहीये. नोंद करून ठेवा."