रमाबाईंना बघायला

रमाबाईंचा पाय सोमवारी मोरीपाशी मुरगळला. हाड शाबूत होतं. आठवडाभर पाय टेकवू नका, एवढंच डॉक्टर म्हणाले. त्यांची सून विमल जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत हिशेब बघायची. पेरणी तोंडावर आलेली असताना तिथं रजा मागणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. तरी तिनं सगळं बसवलं होतं. पहाटे उठून सासूबाईंचं जेवण उशाशी ठेवायचं आणि दुपारी शेजारच्या दुर्गाबाईंनी डोकावून जायचं. नवरा नरहर यालाही नोकरी होती, पण आईचं दुखणं त्याच्या ऑफिसपर्यंत कधी पोचत नसे.

हे नीट चाललंही असतं. पण आपल्याकडे माणूस पडला की त्याला बघून यावंच लागतं. न येणाऱ्याचं नाव वर्षभर निघतं. मंठ्याला दिलेल्या विमलच्या नणंदेनं, प्रभावतीनं, बसस्टँडवर कुणाला तरी सांगितलं आणि बुधवारी घनसावंगीहून जीप भरून पाहुणे आले. येणाऱ्याला चहा, लांबून आलेल्याला जेवण. दुर्गाबाईंनी एक दिवस स्टोव्हपाशी काढला आणि दुसऱ्या दिवशी माहेर गाठलं.

मग विमललाच रजा टाकावी लागली. आणखी एक दिवस घेतलात तर परत यायचे कष्ट घेऊ नका, असं साहेबांनी बजावलं. बरं, ही रजा सासूबाईंच्या सेवेसाठी तरी असावी? ती होती त्यांना बघायला आलेल्यांच्या चहासाठी. पायाला लेप लावायला तिला दिवसभरात सवड झाली नाही. त्यातच खाटेवर जागा करून घेताना रमाबाईंचे भाऊ जगन्नाथमामा नेमके त्याच पायावर बसले. पाय टम्म सुजला आणि सगळे खवळले ते विमलवर.

"आईचा पाय सुजून राह्यला, अन् हिचं ध्यान न्हाई," प्रभावती म्हणाली.

मामांनी निकाल दिला, "म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडणं बिलकुल बराबर न्हाई. घरातल्या एकानं नोकरी सोडलीच पायजे."

सगळ्यांनी विमलकडे पाहिलं. नरहरनं गंभीरपणे मान हलवली. विमलच्या हातात चहाचा भरलेला ट्रे होता; तो तिनं कुणाच्या डोक्यात घातला नाही, हे त्या मंडळींचं नशीब.

"जगन्नाथ बराबर बोलला," खाटेवरून रमाबाई म्हणाल्या. "पण आईची सेवा पोटच्या पोरानं करायची. मंग नरहर, उद्यापासून तू जाऊ नको."

मग मामांनीच वाकून पाय पाहिला आणि सूज फारशी नाही म्हणाले. आई तशी खुटखुटीत आहे, एकटी सहज राहील, हे प्रभावतीच्याही ध्यानात आलं. नरहर म्हणाला, मुरगळलाच तर आहे, त्यासाठी नोकरी कशाला सोडायची? रमाबाई म्हणाल्या, मग रजा टाक.

दुसऱ्या दिवशी विमल कंपनीत गेली. घरी राहिलेल्या नरहरनं दुपारच्या आत शेजाऱ्याकडून दाराला बाहेरून कुलूप लावून घेतलं आणि आईला हळू बोलायला सांगितलं. बघायला आलेली माणसं आल्या पावली परत गेली. हेच विमलनं केलं असतं तर तिच्या माहेरचा उद्धार झाला असता. कुलपाची गोष्ट फुटली तेव्हा नरहरचं मात्र साऱ्या नातेवाइकांत कौतुक झालं, की आईला विश्रांती मिळावी म्हणून पोरगा किती जपतो.