संत्र्याच्या छातीचा फोटू

१९६१ साली मुंबईला गेलेल्या संत्र्यांत काही फळे आतून पोचट निघाली, अशी लेखी तक्रार आली. तक्रार लेखी असल्यामुळे ती खरी होती. तेव्हा फळ न सोलता त्याचे अंतरंग पाहावे, असा आदेश सुटला. यवतमाळच्या एका दवाखान्यात क्ष-किरणांचे यंत्र होते. तिथे महिनाभर संत्र्यांचा नंबर आधी लागला.

फॉर्म मात्र रुग्णाचाच होता. फळ-निरीक्षक मारोतराव यांनी तो निष्ठेने भरला. वय : नऊ महिने. आईचे नाव : जंभेरीचा खुंट, ज्यावर कलम बांधले तो. तक्रार : मुंबईची.

टोपल्यांशेजारी बाकावर आर्णीकडच्या तांड्यातली हंसाबाई तीन दिवस बसून होती.

"भाऊ, तीन महिन्यापासून खोकून राह्यली मी. डाक्टर म्हनते, छातीचा फोटू काढ. माहा नंबर कवा?"

"मावशी, मानसाइच्या पलेटी सरल्या," कारकून बाबुलाल म्हणाला. "आता फक्त फळाइच्या हायेत."

बसल्या बसल्या तिने एक संत्रे हातावर तोलले. "हे आतून पोकळ हाय. फोटू कायले काढता?"

"तुझ्याकडे यंत्र आहे?" मारोतरावांनी विचारले. नव्हते. म्हणून तिचे मत नोंदवले गेले नाही.

बाबुलाल मनाचा वाईट नव्हता. दया येऊन त्याने तिला फळांच्या रजिस्टरात घातले. जात : हंसाबाई. नग : एक. फोटो निघाला, प्लेट मारोतरावांच्या टेबलावर गेली आणि चौथ्या दिवशी शेरा आला : 'सालीवर सुरकुत्या. डाव्या बाजूस मोठी पोकळी. माल अयोग्य. उत्पादकाकडे परत.'

'पोकळी' हा शब्द एखाद्या डॉक्टरने वाचला असता, तर बाईला त्याच दिवशी क्षयाच्या वॉर्डात खाट मिळाली असती. पण फाइल फळांची होती. मला याचा फार राग येतो. तो लेखी नाही एवढेच.

नापास संत्र्यांसोबत तिलाही आर्णीच्या एसटीत बसवण्यात आले.

"काय निघालं, भाऊ?"

"फळ नापास हाय, मावशी."

"मंग मानूस?"

"मानसाबद्दल काहीच लिवलं नाही."

"म्हंजे बरी हाय मी," हंसाबाई म्हणाली आणि खोकत खोकत हसली.

पास झालेल्या पेट्या मुंबईला गेल्या. पावसाळ्याआधी हंसाबाई गेली. त्याबद्दल कुणाची लेखी तक्रार नाही. मुंबईहून पत्र मात्र आले : 'संत्री फार गोड होती. तपासणी अशीच चालू ठेवावी.' खाली सही आहे. अक्षर ओळखीचे वाटते. जरा पाहता का, आपलेच तर नाही?