गाढविणीची बसायची जागा

एका जंगलात, मुलांनो, एक डोंगर होता आणि त्या डोंगराच्या पोटात कोळसा होता. आधीच सांगून ठेवते, या गोष्टीत कुणी पडत नाही. तरी एकमेकांचे हात धरून बसा.

कोळसा खाली न्यायला सिंहमहाराजांनी उतारावर लाकडी रूळ टाकले होते. भरलेल्या गाड्या आपोआप घरंगळत खाली जात. ब्रेकचा दांडा अस्वल धरी. अस्वलाला अधूनमधून डुलकी लागे. ते असू द्या.

रिकाम्या गाड्या वर ओढायचं काम सोनकी गाढविणीचं. वर पोचली की ती शेवटच्या गाडीत चढे आणि कोळशाबरोबर खाली येई. कान वाऱ्यावर, डोळे मिटलेले. दिवसभरात तिला बसायला मिळे ते एवढंच.

एकदा हरणीनं ते पाहिलं.

"सोनके, आम्हालाही बसव की गं."

"अंगाला काळं लागेल."

"लागू दे. पोटात कसं होतं?"

"खड्डा पडतो. मग बरं वाटतं."

झालं. दुसऱ्या दिवशी रांग लागली. कोळसा मागे पडला आणि कोल्हा व्यवस्थापक झाला. तिकीट, गवताची एक पेंढी. कोल्हा गवत खात नाही. पण व्यवस्थापनात आवडीनिवडी चालत नाहीत.

कोल्हा म्हणाला, "सोनकीबाई, तुमच्या जागेत चार ससे मावतात. यापुढे तुम्ही चालत खाली या."

"चालत? इतकी वर्षं मी कधी चालत उतरले नाही."

"उतारच तर आहे."

सोनकी वरच, रुळांशेजारी, फतकल मारून बसली. गाड्या सगळ्या खाली. ओढणार कोण? आता येईल बोलावणं, असं तिला वाटलं.

बोलावणं आलं नाही. कोल्ह्यानं खाली पाटी लावली: 'गाडी स्वतः ओढा. चढाईचा अस्सल अनुभव. जादा एक पेंढी.'

चेंगराचेंगरी झाली. रानडुकरानं पहिला दोर पटकावला.

"घाम आला बघ, खरा घाम," ते बायकोला म्हणालं.

"घरी साधी घागर उचलत नाहीत हे," डुकरीण हरणीला म्हणाली.

सोनकीचे पाय आखडले. शेवटी ती वर आलेल्या गाडीपाशी गेली. "बसू दे रे मला."

"ज्यानं ओढलं त्यानंच बसायचं," गाडीबरोबर वर आलेला कोल्हा म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखा."

मग सोनकी लटपटत, थांबत थांबत, चालत डोंगर उतरली. उद्याची वैरण तिनं कोल्ह्याच्या हातात ठेवली, रांगेत उभी राहिली आणि पाळी आल्यावर दोरात मान घातली. गाडी सरसर वर निघाली.

"वा, सवय दिसतेय तुम्हाला," शेजारचं रानडुक्कर कौतुकानं म्हणालं.

"छे हो," सोनकी लाजून म्हणाली, "पहिल्यांदाच आलेय."

तात्पर्य : मुलांनो, श्रमाला प्रतिष्ठा नाही असं कोण म्हणतं? फक्त मजुरी बंद करून तिकीट लावावं लागतं.