भागिरथेचा मळ : एक नोंद

माणसाच्या अंगावर मळ असतो, ही गोष्ट निर्विवाद आहे. तो नेमका किती असतो, एवढंच १९७४च्या फेब्रुवारीपर्यंत आमच्या अनसिंग गावात कुणी मोजलेलं नव्हतं. ही उणीव आमच्या महिला मंडळाने भरून काढली. मी शिकवते त्या शाळेतला काचेच्या पेटीतला तराजू मला वापरता येत असल्यामुळे मंडळाने मला चिटणीस नेमलं, म्हणून ही नोंद माझ्या हातची आहे.

प्रसंग असा. पुंजाजी आणि रंगूबाईंच्या भागिरथेला पाहायला रिठदहून मंडळी यायची होती. मुलगा ग्रामसेवक होता. शिवाय लग्नानंतर बायकोला पुढे शिकू देईन, असं तो आपणहून म्हणाला होता. (तालुक्यात असं म्हणणारा तो आमच्या माहितीत दुसरा. पहिला लग्नानंतर विसरला.) भागिरथा मॅट्रिक झालेली होती आणि तिला शिक्षिका व्हायचं होतं. त्यामुळे हे स्थळ तिला हवं होतं, आणि त्यासाठी ती काहीही सोसायला तयार होती. मंडळाने या तयारीचा पूर्ण उपयोग करून घेतला.

मंडळाच्या अध्यक्ष पानाबाई, म्हणजे बाजारातल्या शिखरचंद शेटजींच्या पत्नी. त्यांनी नऊ दिवसांचा कार्यक्रम आखला. पहाटे कढत पाणी, मग कपड्याचा साबण (अंगाचा साबण अंगाचे फार लाड करतो, असं मत पडलं), त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा आणि शेवटी वज्री. वज्री टाचांसाठी असते हे सर्वांना ठाऊक होतं. पण जी टाचेला पुरते ती गालाला कमी पडणार नाही, हा युक्तिवाद बिनतोड होता. घासण्याचं काम चतुराबाईंकडे दिलं. गावातल्या तीन पिढ्यांच्या बाळंतिणी आणि नवऱ्या त्यांनी घासलेल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक हयात होत्या.

घासताना ज्या करड्या सुरळ्या सुटतात, त्यांना आपल्याकडे मळ म्हणतात. त्या रोज कागदाच्या पुडीत घालून माझ्याकडे येत. पहिल्या दिवशी तीनशे दहा मिलिग्रॅम भरल्या. चौथ्या दिवशी पाचशे वीस. सातव्या दिवशी सातशे नव्वद. रोज घासूनही मळ रोज वाढतो, यावरून मंडळाने काढलेला निष्कर्ष सरळ होता : मुलीत साठा मोठा आहे.

आठव्या दिवसाच्या सभेत मी तीन मिनिटं बोलले. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, त्या कौलांसारख्या एकीवर एक रचलेल्या असतात आणि मधल्या फटी तेलकट द्रव्याने लिंपलेल्या असतात, म्हणून आतलं पाणी आत आणि बाहेरची घाण बाहेर राहते, असं सांगितलं. सोडा आणि साबण ते लिंपण धुऊन काढतात आणि वज्री कौलं उतरवते. पुडीत मळ थोडा आहे, बाकी सगळी भागिरथाच आहे. इतिवृत्तात याची नोंद, ‘बाईंनी कौलांविषयी माहिती दिली, त्यांचे आभार मानले,’ अशी आहे. ती मीच लिहिली.

मुलीचे गाल तोवर लाल झाले होते. मंडळाने त्याला तेज म्हटलं. साधं पाणी लागलं तरी चुरचुरायचं, ते मळ सुटत असल्याचं लक्षण ठरलं. कानशिलावर खपली धरली, तो जुना मळ.

नवव्या पहाटे भागिरथा पहिल्यांदा बोलली.

“मावशे, मळ तं कवाचाच सरला. आता मीच निघून राह्यली.”

“मंग निघू दे ना,” चतुराबाई म्हणाल्या. “आतून गोरी निघशीन.”

त्या दिवशी नऊशे चाळीस मिलिग्रॅम भरले.

रविवारी पाहुणे आले. मुलाच्या आई मनकर्णाबाई पोहे खाऊन मुलीकडे बघत बसल्या. त्यांना लाली खटकली नाही, उन्हातून आली असेल म्हणाल्या. बोलणी बहुधा जमलीही असती. पण केलेलं काम सांगितल्याशिवाय कोणत्याही मंडळाला राहवत नाही. पानाबाईंनी उभं राहून अहवाल वाचला : नऊ दिवसांत एकूण पाच ग्रॅम एकशे चाळीस मिलिग्रॅम मळ काढून मुलगी स्वच्छ करण्यात आली आहे.

मनकर्णाबाईंनी पाच ग्रॅम म्हणजे किती, असं मला विचारलं. मी अचूक उत्तर दिलं : एका लहान सुपारीएवढं. (हे उत्तर द्यायला नको होतं, हे मला नंतर कळलं. पण ते बरोबर होतं.)

“सुपारीएवढा मळ,” त्या हळूच म्हणाल्या. “अन् हिले मी मह्या चुलीपाशी नेऊ?”

मुलगा खाली बघत राहिला. भागिरथा उठली आणि त्यांच्यासमोर जाऊन बसली.

“आत्याबाई, तुमचा हात द्या बरं.”

तिने त्यांचं मनगट अंगठ्याने चार वेळा चोळलं. एक बारीक करडी सुरळी सुटली. ती तिने त्यांच्याच तळहातावर ठेवली.

“हे काय हाये मंग?”

मनकर्णाबाईंनी ती बराच वेळ निरखली.

“तुह्या अंगठ्याचा हाये,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

सुरळी मी मोजली. दोन मिलिग्रॅम. मालकाचा रकाना मोकळा ठेवला. स्थळ गेलं. मुलीचे गाल पाचव्या आठवड्यात पूर्ववत झाले, खोबरेल तेलाशिवाय त्यांना कुणी काही केलं नाही. त्यात मंडळाचा हात नसल्याने अहवालात याचा उल्लेख नाही.

भागिरथेला शिकू देणारं दुसरं स्थळ अजून आलेलं नाही. आपल्या घरी लग्नाचा मुलगा असेल आणि सून शिकलेली चालत असेल, तर जरूर कळवावं. सोबत एवढंच लिहावं : हे वाचता वाचता, कुणी बघत नाही असं पाहून, आपण मनगट चोळून बघितलंत, तेव्हा मळ किती निघाला? वजन मी करून देईन. पसंती भागिरथा कळवेल.