मागे येणारी पेटी

मधुभाऊ कुठलंही पुस्तक घेण्याआधी त्याचं शेवटचं पान वाचतात. भुसावळ स्टेशनबाहेर जुन्या पुस्तकांची एक हातगाडी लागते, तिथे भर उन्हात उभे राहून, चष्मा कपाळावर चढवून. पुस्तकं तरी कसली? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या भुताटकीच्या रहस्यकथा. ओसाड बंगला, हरवलेला मुलगा, त्याला शोधायला निघालेले मित्र. मुलगा शेवटी जिवंत सापडला तर पुस्तक पिशवीत. नाही सापडला तर गाडीवाल्याला झापतात, "असलं काय ठेवतोस रे? पोरं वाचतात हे."

रेल्वेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ माझा शेजारी. लग्न केलं नाही. मूळचे पारोळ्याचे, त्यामुळे मनातलं बोलायला लागले की अहिराणीत घसरतात. भयकथांवर त्यांची मतं अशी पक्की की मी शाळामास्तर असूनही वाद घालत नाही.

"मोठ्यांच्या भयकथा मी हातात धरत नाही मास्तर. त्यात पोलीस शोधतात. पोलीस जेवायला जातात. पोरांच्या गोष्टीत दोस्त शोधतात, ते जेवत नाहीत."

भूत खरं असावं, हा दुसरा आग्रह. शेवटी चादर पांघरलेला वॉचमन निघाला की ते दोन दिवस फणफणत असतात.

खरं तर भुतांना आमच्याकडे रात्रीची गरजच नाही. मे महिन्यात भर दुपारी गल्लीत कुत्रंही दिसत नाही, नुसती कूलरची घरघर. आम्ही नवे राहायला आलो तेव्हा त्या घरघरीतून शेजारचा आवाज यायचा. "म्हातारीले विचार. विहिरीकडे नको जाऊ. थांब, त्याले मांगे येऊ दे."

"ते एकटेच राहतात ना?" बायकोने विचारलं. मी हो म्हणालो आणि खिडकी लावून घेतली.

शेवटी एकदा धीर करून गेलो. आत अंधार, आणि जुन्या डबा टीव्हीला जोडलेला कॅसेटचा गेम. चार शिपाई एका राक्षसाच्या शोधात गावोगाव फिरतात, लोकांना वाट विचारतात, असा तो खेळ. सगळा मजकूर जपानी. मधुभाऊंना त्यातलं एक अक्षर कळत नाही, पण कोण काय म्हणतंय ते मात्र ठामपणे सांगतात. "हाऊ सरपंच शे. गावमा पाणी नही म्हणस." त्या गावात आजतागायत पाणी आलेलं नाही.

मी हसणार होतो, तेवढ्यात नीट पाहिलं. पडद्यावर तीनच शिपाई चालत होते. त्यांच्यामागून एक शवपेटी सरकत होती. ते वळले की ती वळायची, ते थांबले की थांबायची. कूलरसमोर बसून मला घाम फुटला.

"नव्या खेळात मेलेला लगेच उठतो," मधुभाऊ म्हणाले. "मग मरण्याला काय अर्थ? जुन्या खेळात त्याला सोबत न्यावं लागतं. टाकून जाता येत नाही."

ती पेटी संजूच्या शिपायाची. संजू त्यांचा धाकटा भाऊ, कॅसेट त्यानेच आणलेली. खूप वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी त्याचा शिपाई मेला. संजू चिडून उठला, चपला घालून बाहेर गेला, आणि परत आला नाही. शाळकरी वय होतं त्याचं.

मला नको तिथे शहाणपण सुचतं. मोबाइलवर शोधून मी त्यांना सांगितलं, की देवळातल्या पुजाऱ्याला मोहरा दिल्या की मेलेला शिपाई उठतो.

ते पडद्याकडे बघतच म्हणाले, "मले माहीत शे. पण तो संजूना गडी शे. संजू ऊना का तोच उठाडी." संजू आला की त्याचा शिपाई त्यानेच उठवायचा, असं होतं त्यांचं.

श्रावणात खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात. गावाला असला, परदेशात असला, तरी त्याची मूठ पडते. मेलेल्याची मात्र पडत नाही. यंदा पारोळ्याला मधुभाऊंना मीच गाडीने घेऊन गेलो. मी बाहेरचा, रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, तो काही मला मिळणार नव्हता, म्हणून दाराशी बसून नुसतं पाहत होतो.

गहू त्यांचा पुतण्या दिलीप घालत होता. एकेक नाव, एकेक मूठ. मधुभाऊंच्या नावापाशी तो थांबला आणि हळूच म्हणाला, "काका, यंदापासून संजूकाकांची मूठ सोडू. बठ्ठा भाऊबंद तेच सांगतस."

मधुभाऊ चिडतील असं मला वाटलं. ते चिडले नाहीत. पाटाजवळ सरकून बसले आणि म्हणाले, "बरं. मंग मन्ह नाव नका घ्या. मन्ही मूठ संजूले द्या."

दिलीपची मूठ तशीच हवेत राहिली. मग त्याने संजूकाकांचं नाव घेतलं, गहू घातले. पुन्हा मूठ भरली, मधुभाऊंचं नाव घेतलं आणि तीही घातली. त्या घरात माझा कुणी नव्हता, तरी माझे डोळे भरून आले.

निघताना मी गाडीत बसलो. मधुभाऊंनी पुढचं दार उघडायच्या आधी मागचं उघडलं. मागे ठेवायला त्यांच्या हातात काहीच नव्हतं. उघडं दार धरून ते थोडा वेळ उभे राहिले, कुणी आत बसेपर्यंत थांबावं तसे. मग ते हलकेच लावलं आणि पुढे येऊन बसले.

"चला मास्तर. सावकाश चालवा."

भुसावळपर्यंत मी सावकाशच चालवली. आरशात एकदाही पाहिलं नाही.