म्हात्रे-भोईर विलीनीकरणाला हरकत

शिवराम देवस्थळींनी व्हिडिओ गेम घेतला तो मुलीसाठी, असं ते अजूनही सांगतात. मुलीचं मन त्यातून महिन्याभरात उडालं आणि मग एवढी वस्तू पडून राहायला नको म्हणून शिवराम स्वतः खेळू लागले. ठाण्याला विमा कचेरीत ते हेडक्लार्क होते. वस्तू पडून राहिलेली त्यांना बघवत नसे.

विठ्ठलवाडी स्टेशनजवळ, त्यांच्या बिल्डिंगखालच्या गल्लीत गेमच्या कॅसेटी भाड्याने देणारी दोन दुकानं समोरासमोर होती. एक परशुराम म्हात्रेचं, दुसरं दाजी भोईरांचं. दाजींचं म्हणजे पाटीवर दाजींचं. आत त्यांची मुलगी चंद्रभागा बसायची, आणि कॅसेट चालत नाही म्हणून परत आणणाऱ्याकडे नुसतं बघून त्याने ती फुंकून लावली होती की नाही, हे ओळखायची.

नियम दोन्हीकडे एकच: आज नेलेली कॅसेट उद्या परत. शिवरामांना हा नियम परवडण्यासारखा नव्हता. ते एका विमानाच्या खेळात अडकले होते. शेवटी एक अवाढव्य जहाज येई आणि ते त्यांना बुडवता येत नसे. खेळ बंद केला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ते शनिवारी कॅसेट लावत, खेळ थांबवून यंत्रावर टॉवेल झाकून ठेवत, आणि रविवारची सकाळ जाऊ देत, कारण रविवारी सकाळी टीव्ही पत्नी सुमतीबाईंचा असे. दुपारनंतर पुन्हा लढाई. थोडक्यात, कॅसेट सोमवारपर्यंत हवी.

ती मिळायचीही. परशुराम "उद्या आणा हां काका" म्हणाला, की शिवराम काही बोलत नसत. फक्त वळून समोरच्या दुकानाकडे बघत. परशुराम लगेच म्हणे, "ठेवा सोमवारपर्यंत." पुढच्या आठवड्यात हेच चंद्रभागेकडे, मान उलट्या दिशेला वळवून. एवढ्या स्वस्तात काम करून घेणारा माणूस कचेरीत दुसरा नव्हता.

आणि एके दिवशी बातमी आली, की परशुराम आणि चंद्रभागेचं लग्न ठरलंय. लग्नानंतर दोन्ही दुकानं मिळून एकच होणार, परशुरामच्या बाजूला.

शिवरामांनी अभिनंदन केलं, आणि जिना चढताना त्यांच्या ध्यानात आलं. आता वळून बघायचं कुणाकडे? रात्री त्यांनी सुमतीबाईंना समजावलं, की हा खासगी प्रश्न नाही. मोठ्या कंपन्या एकत्र येऊन गिऱ्हाइकाची कोंडी करतात, म्हणून तर दिल्लीला मक्तेदारी आयोग बसवलाय. सुमतीबाई म्हणाल्या, "आयोगाला जहाजाचंही सांगा."

दिल्ली लांब होती. गल्लीतले दोन्ही गाळे ज्यांचे, ते गोमाजी पाटील जवळ होते. एके काळी इथली सगळी शेती त्यांची. आता तिच्यावर बिल्डिंगी होत्या आणि गोमाजी गावाचे वडीलधारे म्हणून ओट्यावर बसत. शिवरामांनी त्यांच्यापुढे विषय मांडला. गोमाजींनी तो कुतूहलाने, मध्ये न बोलता ऐकला, आणि म्हणाले, "ही गोष्ट गावाची हाय. रयवारी गाव जमंल, तवा सगल्यांसमोर बोला."

शिवरामांना वाटलं, सभा आहे. ते इस्त्रीचा शर्ट घालून, मुद्दे पाठ करून गेले. पाहतात तर दाजींच्या दारात मांडव, बायकांची गाणी, आणि मधोमध पाटावर परशुराम. सुपारी होती, म्हणजे साखरपुडा. कुणीतरी त्यांच्या हातात सरबत दिलं आणि पहिल्या रांगेत बसवलं.

या गावची जुनी रीत अशी, की सुपारी फोडण्याआधी वडीलधाऱ्याने उभं राहून गावाला विचारायचं. उत्तर द्यायची रीत मात्र नव्हती; विचारायचं, जरा थांबायचं आणि सुपारी फोडायची. गोमाजी उठले. "म्हात्र्यांचा नि भोईरांचा जुलतं हाय. कोनाची हरकत हाय का?"

"माझी आहे," शिवराम म्हणाले.

गाणी थांबली. परशुरामच्या कपाळावरचा कुंकवाचा टिळा घामाने नाकापर्यंत आला. दाजी सावकाश उभे राहिले.

"देवस्थली, माजे पोरीमदी काय खोट हाय?"

"मुलीबद्दल नाही हो. दुकानाबद्दल."

गोमाजींनी दाजींना बसवलं आणि शिवरामांना बोलू दिलं. आता मागे फिरणं शक्य नव्हतं. शिवराम बोलले. एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जाता येतं, हीच गरीब गिऱ्हाइकाची ताकद. दुकान एक झालं की मालक म्हणेल ती पूर्व दिशा. लग्न जरूर व्हावं, पण दुकानं वेगळी राहावीत. परशुराम हात जोडून म्हणत होता, की काका, कॅसेट वर्षभर ठेवा, पण खाली बसा.

तेवढ्यात हिरव्या साडीतली चंद्रभागा दारात येऊन उभी राहिली. "काका बरोबर बोलतात. माझं दुकान बंद करायचं कोणी ठरवलं? बाबांनी ठरवलं नि यांनी ठरवलं. मला कोणी विचारलेलं?"

परशुराम म्हणाला, की तिला त्रास नको म्हणून.

"मला दुकानाचा त्रास कधी झालेला?"

बायकांमध्ये एकदम कुजबुज वाढली, आणि ती दाजींच्या बाजूची नव्हती. गोमाजींनी निवाडा दिला: लगीन होईल, दुकानं दोन राहतील. शिवरामांना आता जोर चढला होता. त्यांनी वर एक अट सुचवली: नवराबायकोने घरात धंद्याचा एक शब्द काढायचा नाही, नाहीतर दुकानं दोन असून एकच. गोमाजींना ती फार आवडली. दोघांनी सुपारीवर हात ठेवून कबूल केलं. जेवणाच्या पंगतीत शिवरामांना आग्रह करकरून वाढलं गेलं. घरी येऊन त्यांनी सुमतीबाईंना सांगितलं, की आयोगाला जे वर्षानुवर्षं जमत नाही, ते एका सकाळीत झालं.

लग्नानंतरच्या पहिल्या शनिवारी ते परशुरामकडे गेले. विमानाची कॅसेट मागितली. परशुराम म्हणाला, "उद्या आणा." शिवरामांनी सवयीने वळून समोर बघितलं. परशुरामनेही समोर बघितलं, आणि हसला. तो पुढचं वाक्य बोललाच नाही.

शिवराम गल्ली ओलांडून गेले.

"उद्या आणा," चंद्रभागा म्हणाली.

"तुम्ही दोघं घरी बोललात," शिवराम म्हणाले.

"छे. सुपारीवर हात ठेवलाय. घरी आम्ही फक्त भाजी कसली करायची ते बोलतो."

"मग दोघांचं एकच कसं?"

"ते मला दिसतात, मी त्यांना दिसते. आता ते सोमवारपर्यंत देत नाहीत, तर मी कशाला देऊ? त्यांचं नुकसान ते माझंच ना." तिने कॅसेट पुसून पुढे केली. "तसं यांच्या मनात होतं, की दुकान एक झालं की जुन्या गिऱ्हाइकांना महिन्याचा पास द्यायचा. पाहिजे ती कॅसेट, पाहिजे तेवढे दिवस. तुमचं नाव पहिलं होतं. पण तुमची हरकत निघाली."

शिवरामांनी कॅसेट पिशवीत टाकली. मग अगदी सहज चौकशी केल्यासारखं त्यांनी विचारलं, "गाव आता परत कधी जमेल?"

"बारशाला," चंद्रभागा म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.